बीना–ग्वाल्हेर लाइन आणि दोन दिवसांचा अंधार: जुलै २०१२ नंतर भारताची ग्रिड कशी बदलली

३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेर या दोन उपकेंद्रांमधली ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन ट्रिप झाली, म्हणजे ग्रिडपासून, देशातल्या वीजवाहिन्यांच्या जोडलेल्या जाळ्यापासून, आपोआप तुटली. तिच्यावर झाड पडलं नव्हतं, वीज कोसळली नव्हती, तार तुटली नव्हती. कुठलाही फॉल्ट नसताना ती सुटली आणि पुढच्या काही सेकंदांत दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान, हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर आणि चंडीगड अंधारात गेले. सुमारे ३६,००० मेगावॅटचा भार एकाएकी गेला. दुपारी चारच्या सुमारास सगळं पूर्ववत झालं. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ वाजता, तीच लाइन त्याच कारणाने पुन्हा सुटली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. भार सुमारे ४८,००० मेगावॅट, आणि त्या प्रदेशाची लोकसंख्या ६० कोटींच्या घरात.

हा आकडा जगभर छापून आला. त्याबद्दल एक गोष्ट तेव्हाही फार कुणी लिहिली नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत दिवाबत्तीसाठी वीजच नव्हती आणि बिहारमध्ये ती असलेली घरं होती जेमतेम १६ टक्के. त्या ६० कोटींतल्या कोट्यवधी लोकांना ३१ जुलै आणि १ ऑगस्ट यांत काहीच फरक जाणवला नसणार. तरीही दिल्लीची मेट्रो बोगद्यात थांबली, शेकडो रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या आणि पश्चिम बंगालमधल्या कोळसा खाणींत दोनशेच्या आसपास कामगार जमिनीखाली अडकले. वीज आल्यावर ते सुखरूप वर आले.

घटना घडली त्या आठवड्यात दोन स्पष्टीकरणं जोरात होती. एक, देशात वीजच कमी आहे. दोन, यंत्रणा जुनाट झाली आहे, नव्या लाइन टाका. दोन्हींत तथ्य होतं, पण त्या दोन दिवसांचं उत्तर दोन्हींत नव्हतं. त्या पहाटे पश्चिम भारतात वीज गरजेपेक्षा जास्त तयार होत होती. आणि सुटलेली लाइन खराब झालेली नव्हती. थोड्या वेळाने ती पुन्हा चार्ज करता आली. जुनं झालं होतं ते दुसरंच काही: कुणी किती वीज घ्यायची याचे नियम, ते मोडल्यावर बसणारा दंड, संरक्षण यंत्रणेची सेटिंग्ज आणि नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या शब्दाला असलेलं वजन. माझ्या मते आधुनिकीकरणाचा खरा धडा इथे आहे, म्हणून हे प्रकरण पुन्हा तपशिलात उघडायला हवं.

त्या रात्री ग्रिडवर काय चाललं होतं

त्या वर्षी उत्तरेत पावसाने ओढ दिली होती. भाताच्या लावणीचे दिवस, त्यामुळे पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात पंप दिवसरात्र चालू होते. इकडे पश्चिम भागात पाऊस झाला होता, मागणी उतरली होती आणि वीज केंद्रं मात्र ठरल्यापेक्षा जास्त वीज ग्रिडमध्ये सोडत होती. साहजिकच विजेचा ओघ पश्चिमेकडून उत्तरेकडे लागला.

या ओघाला वाटा थोड्या होत्या आणि त्यांतल्या काही बंद होत्या. ग्वाल्हेर–आग्रा मार्गावरचं एक सर्किट, म्हणजे समांतर लाइनपैकी एक, ४०० केव्हीवरून ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बाहेर काढलेलं होतं. गुजरात–राजस्थान बाजूच्याही काही लाइन बंद होत्या. म्हणजे उन्नतीकरणाच्याच कामामुळे ग्रिड तेवढ्यापुरती अशक्त झाली होती. उरलेल्या बीना–ग्वाल्हेर–आग्रा या एका सर्किटवर हजार मेगावॅटच्या कितीतरी वर भार आला. ४०० केव्हीची अशी लाइन सुखाने साधारण ७०० मेगावॅटच्या आसपास वाहते. त्याहून जास्त वाहू शकते, पण मग टोकाकडचा व्होल्टेज पडत जातो.

दिल्ली आणि मुंबईतल्या प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांना, म्हणजे आपापल्या विभागाच्या ग्रिडवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षांना, बोलीभाषेत आरएलडीसींना, हे दिसत होतं. उत्तरेतल्या राज्यांना ओढ कमी करा, पश्चिमेतल्या राज्यांना निर्मिती कमी करा, असे संदेश जात होते. राज्यांच्या भारप्रेषण केंद्रांकडून पुरेसा प्रतिसाद आला नाही. चौकशी समितीने जी चार मुख्य कारणं नोंदवली, त्यांत हे एक स्वतंत्र कारण आहे. बाकीची तीन म्हणजे अनेक लाइन बंद असल्याने दुबळे झालेले आंतरप्रादेशिक मार्ग, बीना–ग्वाल्हेर–आग्रा लाइनवरचा अतिभार आणि संरक्षण यंत्रणेच्या चुकीच्या क्रियेमुळे त्या लाइनचं सुटणं.

राज्यांनी ऐकलं का नाही? इथे आडमुठेपणापेक्षा हिशेब कामाला येतो.

आपल्या ग्रिडची वारंवारिता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा मागे-पुढे होतो तो आकडा, ५० हर्ट्झ. औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा हा आकडा जमतो. मागणी वाढली की सगळ्या ग्रिडमधली सगळी यंत्रं एकत्र मंदावतात, मागणी उतरली की एकत्र वेग घेतात. आठ बैलांच्या नांगराला जमीन कठीण लागली की एकच बैल मंदावत नाही, सगळी जोडी मंदावते, तसं. म्हणून मुंबईतल्या कक्षात काट्याकडे पाहून पंजाबात काय चाललंय याचा अंदाज येतो. पूर्वी हा काटा ४८ पासून ५१च्या वरपर्यंत कुठेही भटकायचा. त्याला लगाम घालायला २००२ साली उपलब्धतेवर आधारित दरपद्धती आली. ती सर्वांत आधी लागू झाली पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्यात, १ जुलै २००२ पासून. कल्पना अशी होती: प्रत्येक राज्याने दिवसाच्या ९६ पंधरा-मिनिटांचं वेळापत्रक आधी द्यायचं. त्यापेक्षा जास्त ओढलं तर त्या क्षणी वारंवारिता जेवढी खाली, तेवढा दर चढा. कमी ओढलं तर त्याच दराने पैसे मिळणार.

ही योजना फार हुशार होती आणि तिने काम केलं. कुणी फोनवर ओरडण्याची गरज न पडता वारंवारिता सावरली. पण तिला एकच गोष्ट दिसत होती: वारंवारिता. वीज कुठून कुठे चालली आहे, कोणती लाइन कण्हते आहे, हे त्या दरात कुठेच उमटत नव्हतं. ३० जुलैच्या पहाटे, लाइन सुटायच्या आधी, वारंवारिता होती ४९.६८. दुसऱ्या दिवशी दुपारी ४९.८४. तेव्हाची मान्य मर्यादा होती ४९.५ ते ५०.२. म्हणजे दोन्ही वेळा काटा नियमात होता! जास्तीच्या विजेचा भाव फार चढलेला नव्हता, त्यामुळे उत्तरेतल्या वितरण कंपनीला ती वीज म्हणजे एक सोयीची खरेदी होती आणि पश्चिमेतल्या उत्पादकाला सोयीची विक्री. दर सांगत होता, सगळं ठीक आहे. लाइन सांगत होती, आता पुरे. राज्यांनी दराचं ऐकलं.

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. दहा वर्षांपूर्वी जे सुधारणेचं हत्यार होतं, तेच २०१२ मध्ये धोका झाकून ठेवत होतं. २००२ साली देशातल्या ग्रिड अजून सुट्या होत्या. पुढे २००३ मध्ये पश्चिम विभाग पूर्व आणि ईशान्येशी जोडला गेला, ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर जोडला गेला. जोडणी वाढली तसा अंतरांचा, लाइनच्या कुवतीचा प्रश्न मोठा झाला. दराचं गणित मात्र तिथेच राहिलं.

रिलेला काय दिसलं

बीना उपकेंद्रात लाइनवर पहारा देणारा जो उपकरणांचा संच असतो, त्याला डिस्टन्स रिले म्हणतात. तो लाइनवरचा व्होल्टेज आणि करंट सतत मोजतो आणि त्यांचा भागाकार करतो. लाइनवर कुठे फॉल्ट झाला की करंट उसळतो, व्होल्टेज पडतो, भागाकार लहान होतो. तो किती लहान झाला यावरून फॉल्ट किती अंतरावर आहे हे रिलेला कळतं. त्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे लाइनच्या साधारण ८० टक्के लांबीत, फॉल्ट दिसला तर क्षणात ट्रिप. दुसरा टप्पा लाइनच्या टोकापलीकडे थोडा पोहोचतो, तो किंचित थांबून काम करतो. तिसरा टप्पा, झोन-३, पुढच्या लाइनवरही लक्ष ठेवतो: तिथला पहारेकरी झोपला असेल तर मागून मदत. म्हणून तो सर्वांत लांब पोहोचतो आणि सर्वांत उशिरा, साधारण सेकंदभराने, क्रिया करतो.

आता भार खूप वाढला आणि व्होल्टेज पडला तर काय होईल? करंट मोठा, व्होल्टेज लहान. भागाकार पुन्हा लहान. फॉल्ट नसतानाही लांबवर पोहोचणाऱ्या झोन-३ला वाटतं, दूर कुठेतरी फॉल्ट आहे. बीना–ग्वाल्हेर लाइनवर दोन्ही दिवशी हेच झालं. रिले बिघडला नव्हता. त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच त्याने केलं. त्याला सांगून ठेवलेलं आणि लाइनवर प्रत्यक्षात येणारा भार यांचा मेळ राहिलेला नव्हता.

याचं वाईट वाटतं, कारण हा धडा नवा नव्हता. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात जो महाअंधार झाला, त्यातही ओहायो राज्यातली एक मोठी लाइन फॉल्ट नसताना झोन-३वरच सुटली होती आणि तिथून सगळं घसरत गेलं. त्यानंतर तिकडे प्रत्येक मोठ्या लाइनच्या रिलेने किती भार सहन केलाच पाहिजे याचे सक्तीचे नियम झाले. ती माहिती, तो चौकशी अहवाल जगासमोर होता. आपल्याकडे सेटिंग्ज तपासायला त्यानंतर नऊ वर्षं होती.

लाइन सुटली तशी पश्चिमेची वीज पूर्वेला वळसा घालून उत्तरेकडे जाऊ लागली. एवढ्या लांबच्या वाटेने दोन्ही टोकं एका तालात राहीनात. भार मागे-पुढे हेलकावू लागला आणि उत्तर-पूर्व सीमेवरच्या लाइन एकामागून एक सुटल्या. उत्तर विभाग एकटा पडला. त्याच्याकडे निर्मितीपेक्षा मागणी हजारो मेगावॅटने जास्त, त्यामुळे वारंवारिता कोसळू लागली. अशा वेळी शेवटचा आधार असतो तो आपोआप भार सोडणाऱ्या रिलेंचा. वारंवारिता ठरावीक पातळीखाली किंवा ठरावीक वेगाने पडली की त्यांनी आपापले फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज पोहोचवणाऱ्या वाहिन्या, बंद करायचे. कागदावर उत्तर विभागात असे दहा हजार मेगावॅट सुटायला हवे होते, चार हजार एका प्रकारच्या आणि सहा हजार दुसऱ्या प्रकारच्या रिलेंनी. प्रत्यक्षात पुरेसा भार सुटला नाही. ते दहा हजार खरोखर सुटले असते तर उत्तर भारताची रात्र लोडशेडिंगवर निभावली असती.

टर्बाइनच्या गव्हर्नरबाबतही तेच. वारंवारिता पडली की वाफेचा झोत आपोआप वाढावा, ही त्याची मूळ रचना. नियमात ते सक्तीचं होतं. पण वर्षानुवर्षं काटा एवढा भटकायचा की गव्हर्नर मोकळा ठेवला तर यंत्र दिवसभर खालीवर होत राहायचं, म्हणून केंद्रांनी तो अडवून ठेवायची सवय लावून घेतली होती. ती सवय त्या रात्री महागात पडली.

३१ तारखेला फूट वेगळ्या जागी पडली. पश्चिम विभाग एका बाजूला, आणि उत्तर, पूर्व, ईशान्य तिघं एकत्र दुसऱ्या बाजूला. मग ते तिघंही एकत्र गेले. दक्षिण विभाग तेव्हा बाकीच्या ग्रिडशी एका तालात जोडलेला नव्हता, फक्त एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या, दुव्यांनी बांधलेला होता (आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती केंद्र त्यांतलं एक). ओडिशातल्या तालचेरहून कोलारला येणारी वीज तुटल्याने दक्षिणेत वारंवारिता ४८.८८ पर्यंत खाली गेली, पण तिथल्या भार सोडणाऱ्या रिलेंनी काम केलं आणि दक्षिण तगली. पश्चिमेत उलटं झालं. वीज उतू गेली, काटा ५१.४ पर्यंत चढला, काही संच सुटले, आणि महाराष्ट्र-गुजरातेत दिवे चालू राहिले. तेव्हा आपल्याकडे काही जणांनी याचं श्रेय पश्चिम विभागाच्या शिस्तीला दिलं. ते खरं नाही. फूट जिथे पडली तिथे जास्तीची निर्मिती आपल्या बाजूला राहिली, एवढंच. ठरल्यापेक्षा जास्त वीज ढकलण्यात आपलाही वाटा होता आणि समितीने तो नोंदवला आहे.

मेलेली ग्रिड उठवताना

औष्णिक केंद्र एकदा बंद पडलं की स्वतःहून उठत नाही. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, बॉयलरला पाणी पुरवणारे पंप, हवा खेळवणारे पंखे, सगळं विजेवर. २१० मेगावॅटच्या एका संचाला स्वतःचा गाडा ओढायलाच पंधरा-वीस मेगावॅट लागतात. म्हणून आधी जलविद्युत संच उठवायचे, कारण त्यांना सुरू व्हायला एका डिझेल जनित्राएवढी वीज पुरते. मग त्यांची वीज एकेका लाइनने जवळच्या औष्णिक केंद्रापर्यंत न्यायची. घाईत मोठा भार टाकला तर हे नुकतं उभं राहिलेलं बेट पुन्हा पडतं. भार हलका ठेवला तर रिकाम्या लांब लाइनवर व्होल्टेज फुगतो. ३० जुलैला शेजारच्या न पडलेल्या विभागांतून आणि भूतानच्या जलविद्युत केंद्रांतून आधार मिळाला. ३१ जुलैला पूर्वही गेल्याने मदतीच्या वाटा कमी होत्या, तरी रात्री साडेनऊच्या सुमारास ग्रिड परत उभी राहिली. त्या कामात राबलेल्या इंजिनिअरांची कुणी फार दखल घेतली नाही. जगातला त्या वेळचा सर्वांत मोठा अंधार आठ-नऊ तासांत उतरवणं सोपं नव्हतं.

काही बेटं तगलीही होती. कोलकात्यात शहराची वीज कंपनी वेळेवर ग्रिडपासून सुटी झाली आणि शहराच्या मोठ्या भागात दिवे टिकले. उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्रही स्वतःपुरतं चालू राहिलं. आयलंडिंग म्हणतात ते हेच.

नंतरची दहा वर्षं

३१ जुलैलाच केंद्रीय मंत्रिमंडळात बदल झाला. ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री झाले आणि ऊर्जा खातं वीरप्पा मोईलींकडे गेलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे माजी सदस्य ए. वेलायुथम तिच्यावर होते. १६ ऑगस्टला अहवाल आला. पंधरा-सोळा दिवसांत, आणि दोष कुणाच्या माथी मारायचा या भानगडीत न शिरता. सरकारी अहवालांत हे दुर्मीळ आहे.

सर्वांत दूरगामी बदल पैशाच्या नियमांत झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये वारंवारितेची खालची मर्यादा ४९.५ वरून ४९.७ झाली. मग १७ फेब्रुवारी २०१४ पासून पट्टा ४९.९० ते ५०.०५ एवढा अरुंद झाला आणि जुनी पद्धत जाऊन विचलन निपटारा नियम आले, सगळे ज्याला डीएसएम म्हणतात ते. त्यातली कळीची तरतूद अशी होती: वारंवारिता कितीही चांगली असो, कुठल्याही राज्याने वेळापत्रकापेक्षा १२ टक्के किंवा १५० मेगावॅट, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त भरकटायचं नाही. भरकटलं तर जादा आकार. जास्तीची ओढ ही खरेदी राहिली नाही, उल्लंघन झालं. वरवर हिशेबनिसांचा बदल वाटतो, पण बीना–ग्वाल्हेर लाइनवरचा तो ओघ याच नियमाने अडला असता.

लाइनही वाढल्या, आणि त्या लागणारच होत्या. मार्च २०१२ मध्ये पाच विभागांमधल्या लाइनची एकत्रित क्षमता २७,७५० मेगावॅट होती. दहा वर्षांत ती १,१२,२५० मेगावॅटवर गेली. हा आकडा जपून वाचायला हवा. ही लाइनच्या क्षमतांची बेरीज आहे, एका वेळी सुरक्षितपणे एवढी वीज इकडून तिकडे नेता येते असा तिचा अर्थ नाही. २०१२ मध्येही कागदावरच्या बेरजेत आणि त्या रात्रीच्या प्रत्यक्ष वाटांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

या लाइनमधली आपल्या ओळखीची एक म्हणजे रायचूर–सोलापूर, ७६५ केव्ही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी तिच्यावरून दक्षिण विभाग बाकीच्या देशाशी एका तालात जोडला गेला आणि देश एका वारंवारितेवर आला. महाअंधारानंतर दीडच वर्षात एवढी जोडणी करायला धाडस लागलं. एकत्र असणं म्हणजे एकत्र पडण्याची शक्यताही. ती जोखीम घेता आली कारण तोवर शिस्तीचे नियम बदलू लागले होते. क्रम उलटा असता तर मी या निर्णयाच्या विरोधात असतो.

तिसरा बदल डोळ्यांचा. नियंत्रण कक्षात पूर्वी माहिती काही सेकंदांनी एकदा यायची. काही सेकंदांत काय होऊ शकतं हे ३० जुलैने दाखवलं होतंच. आता देशभरच्या उपकेंद्रांत हजारांहून अधिक फेजर मापकं बसली आहेत. ती उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला २५ वेळा मोजमाप पाठवतात, त्यामुळे दोन विभाग एकमेकांपासून दुरावत चाललेत का हे तुटण्याआधी दिसू शकतं. त्याचं विश्लेषण करणारी काही साधनं मुंबईच्या आयआयटीत तयार झाली. आणि ग्रिड चालवणारी संस्था, तेव्हाची पोसोको आणि आताची ग्रिड-इंडिया, २०१७ मध्ये पॉवरग्रिडपासून वेगळी झाली. लाइनच्या मालकाने वाहतूक पोलीसही असू नये, हे तत्त्व त्यामागे होतं. २०१६ पासून राखीव निर्मितीला पैसे मोजण्याची सोयही झाली. त्याआधी आपल्या ग्रिडमध्ये राखीव वीज अशी फारशी ठेवलीच जात नव्हती. भार कमी करणं हाच राखीव.

या सगळ्याची परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी झाली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री ९ वाजता नऊ मिनिटं घरचे दिवे बंद झाले. महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी आधीच जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती आणि ती अनाठायी नव्हती. अंदाज होता १२ ते १४ हजार मेगावॅट कमी होण्याचा. प्रत्यक्षात ८:४५ ते ९:१० मध्ये मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने पडली आणि लगेच परत चढली. जलविद्युत संच मिनिटांत वरखाली करता येतात. देशभरातल्या अशा संचांनी साडेसतरा हजार मेगावॅटच्या आसपास निर्मिती उतरवली आणि पुन्हा चढवली. वारंवारिता ४९.७० आणि ५०.२६च्या दरम्यान राहिली. आठ वर्षांपूर्वीच्या ग्रिडला हे झेपलं असतं असं मला वाटत नाही. आता राज्यांच्या केंद्रांनी दिल्लीचं ऐकलं, आधी बसून योजना केली, प्रत्येकाला आपला वाटा माहीत होता.

जिथे अजून जुलै २०१२च आहे

त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, रुग्णालयं जनित्रांवर गेली, ऑनलाइन परीक्षा खोळंबल्या. शहराला वीज आणणाऱ्या कळवा–पडघा मार्गावरच्या लाइन एकामागून एक सुटल्या आणि उरलेल्यांना भार पेलला नाही. मुंबईला १९८१ पासून आयलंडिंगची सोय आहे. ग्रिड गेली तरी शहर ट्रॉम्बे, डहाणूच्या विजेवर तगावं यासाठीच ती केलेली होती. त्या दिवशी बेट उभं राहिलं नाही. शहराची मागणी वाढत गेली, आतली निर्मिती त्या मानाने वाढली नाही, आणि बेटाचं गणित बिघडलं. देखभालीसाठी काही लाइन बाहेर, उरलेल्यांवर अतिभार, स्वयंचलित संरक्षण ऐन वेळी कमी पडणं: बीना–ग्वाल्हेरची गोष्ट वाचलेल्या कुणालाही यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल. बाहेरून वीज आणणारी खारघर–विक्रोळी ४०० केव्ही लाइन वर्षानुवर्षं रेंगाळून अखेर २०२३ मध्ये सुरू झाली.

राष्ट्रीय ग्रिड बदलली तितक्या वेगाने राज्यांच्या आतल्या ग्रिड बदललेल्या नाहीत. महाराष्ट्राने राज्यांतर्गत विचलनाचे नियम २०१९ मध्ये केले, त्यांचा आर्थिक अंमल सुरू झाला २०२१च्या ऑक्टोबरपासून. म्हणजे देशाने २०१४ मध्ये राज्यांना जी शिस्त लावली, ती राज्याने आपल्या वितरण कंपन्यांना आणि निर्मिती केंद्रांना लावायला सात वर्षं घेतली. अनेक राज्यं याहून मागे आहेत.

दरम्यान जमीनही बदलते आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली. दुपारी सौर वीज धो धो येते आणि संध्याकाळी दीड-दोन तासांत निघून जाते. सौर प्रकल्पाच्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं जड चाक नसतं. टर्बाइनच्या वजनाने ग्रिडला धक्का सोसायला जे काही क्षण मिळायचे, ते कमी होतात. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची मुख्य भूमी अंधारात गेली, आणि युरोपातली ती ग्रिड आपल्यापेक्षा गरीब नव्हती. राजस्थान, गुजरात आणि आता मराठवाडा-विदर्भात जे सौर प्रकल्प उभे राहत आहेत, त्यांच्या इन्व्हर्टरची सेटिंग्ज ही उद्याची झोन-३ आहेत. ती कोण तपासतं, किती वेळा तपासतं, यावर बरंच काही ठरेल.

ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ग्रिड संहितेत याचं निदान एक उत्तर आहे: प्रत्येकाने आपल्या संरक्षण यंत्रणेची तपासणी दरवर्षी करायची आणि पाच वर्षांतून एकदा बाहेरच्या त्रयस्थाकडून करून घ्यायची. पहिली पाच वर्षं २०२८ मध्ये भरतील. तोवर महापारेषणच्या प्रत्येक २२० आणि ४०० केव्ही उपकेंद्राचा तपासणी अहवाल, त्यातल्या त्रुटी आणि त्या दूर केल्याची तारीख लोकांना पाहता येईल अशी मांडून ठेवावी, एवढी मागणी राज्य वीज नियामक आयोगासमोरच्या वीजदरांच्या सुनावणीत कुणीही ग्राहक करू शकतो. आपण दरवाढीवर हरकती नोंदवतो, त्याच अर्जात ही ओळ घालायला वेगळा वकील लागत नाही.